शेपूट काही केल्या ऐकेना!

माळ्यावर धूळ खात पडलेलं दादाचं रिमोटवालं हेलिकॉप्टर पुन्हा उडवायचं, एवढाच प्लॅन होता. मला वाटलं, एका वीकेंडचं काम. लागले सात रविवार, एक वही आणि एका काकांची भरपूर बोलणी...

ऑक्टोबरमधली शनिवार संध्याकाळ. अख्खं पब्लिक एफसी रोडवर आणि मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. एकटी. हातात रिमोट, समोर हेलिकॉप्टर आणि चेहऱ्यावर ‘यात काय एवढं अवघड’वाला कॉन्फिडन्स. थ्रॉटलची काडी हळूच वर केली. पाती घरघरली, दोरीवरचे टॉवेल फडफडले, हेली वीतभर वर उचललं गेलं आणि... भिंगरी! स्वतःभोवती गर्रकन फिरत ते तिरकं झालं, पाण्याच्या टाकीच्या पाइपवर आपटलं आणि आडवं पडलं. एक पातं मोडून तुळशीच्या कुंडीत रुतलं. कुंडी माझ्यापासून चार फुटांवर होती.

पाचव्या मिनिटाला वॉचमन वर आला, सातव्या मिनिटाला चेअरमन. ‘‘काय गं, ड्रोन-बिन उडवतेस की काय?’’ मी सॉरी म्हणून मोकळी झाले. पण रात्री झोप येईना म्हणून कॅल्क्युलेटर काढला. या हेलीच्या मोठ्या पात्याचं टोक मध्यापासून साधारण ३६ सेंटीमीटर लांब. मिनिटाला २५०० फेरे धरले, तर ते टोक ताशी जवळजवळ ३४० किलोमीटर वेगाने फिरत असतं. आपल्या एक्स्प्रेस-वेवर कारला मर्यादा १००ची आहे, मंडळी! सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९ वर्षांच्या एका सराईत मुलाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून जीव गेला होता. हे वाचलं आणि कुंडीतलं ते पातं डोळ्यांसमोरून जाईना. खेळणं म्हणून हातात घेतलेली ही वस्तू खेळणं नाही, हे तेव्हा टाळक्यात शिरलं.

दादाचा बोनस

हेली दादाचं. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. पहिल्या नोकरीचा पहिला बोनस मिळाला, तेव्हा २०१० मध्ये त्याने बाइकऐवजी हे घरी आणलं. बाबांनी तीन दिवस अबोला धरला होता. हॉबीवाले याला ‘४५० क्लास’ म्हणतात. मोठ्या पात्यांचा घेर साधारण ७० सेंटीमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास, बॅटरीवर चालणारं. तैवानच्या अलाइन कंपनीने २००४ मध्ये टी-रेक्स ४५० आणलं आणि मग या मापाच्या हेलींची लाटच आली.

दर रविवारी सकाळी दादा गायब असायचा. मग २०१२ मध्ये एक दिवस तो मोडलेलं हेली घेऊन घरी आला, सुटे भाग लावून ते नुसतं जोडलं, खोक्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाही. आता तो जर्मनीत असतो. चार वर्षांनी ख्रिसमसच्या सुट्टीत घरी येणार होता. आई म्हणाली, ‘‘ते खोकं काढ बाई. आल्यावर त्याला विचारू, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकू.’’ मी म्हटलं, त्यापेक्षा उडवूनच दाखवू! नवी बॅटरी आणली, जोडली, गायरोवरची बारीक बटणं उगाच इकडे-तिकडे करून बघितली आणि गेले गच्चीवर. पुढचा तमाशा तुम्ही वाचलाच आहे.

शेपटीचा फंडा

आता शेपटीचीच एवढी कटकट का, ते समजून घ्या. डोक्यावरची मोठी पाती एका दिशेला फिरतात, तेव्हा खालचं धड उलट्या दिशेला फिरायला बघतं. न्यूटनचा तिसरा नियम, नववीतला. ते धड सरळ धरून ठेवायचं काम मागच्या चिमुकल्या पात्यांचं. ही पाती मोठ्या पात्यांच्या चौपटीहून जास्त वेगाने, म्हणजे मिनिटाला १० हजारांवर फेरे मारतात. वेग वाढवून-घटवून धड सावरत नाही, पात्यांचा कोन बदलून सावरतं.

मोठमोठ्यांनाही याने घाम फोडलाय. इगॉर सिकॉर्स्कींचं व्हीएस-३०० सप्टेंबर १९३९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा जमिनीवरून उचललं गेलं, तेही दोरांनी बांधून. त्याच्या शेपटीवर पुढे इतके प्रयोग झाले की एका टप्प्यावर तिथे तीन-तीन छोटे पंखे होते!

मॉडेल हेलीत शेपटीचा कोन माणसाच्या बोटांनी क्षणोक्षणी सांभाळणं जवळपास अशक्य. म्हणून असतो गायरो. काडेपेटीहून लहान डबी. हेलीचं नाक जरा वळलं की तिला कळतं. ती लगेच सर्वोला सांगते (सर्वो म्हणजे दांडी ढकलणारी छोटी मोटर), सर्वो दांडी ढकलतो आणि मागच्या पात्यांचा कोन बदलतो. गायरोने किती जोरात दुरुस्ती करायची, ते ठरवणारं सेटिंग म्हणजे ‘गेन’. गेन जास्त झाला की गायरो ऑफिसातल्या त्या ओव्हर-अलर्ट टीम लीडरसारखा वागतो. जरा इकडे झालं की दुप्पट तिकडे ढकलतो, मग ती चूक निस्तरायला पुन्हा इकडे. शेपूट कुत्र्यासारखी हलत राहते. गेन कमी झाला की तोच टीम लीडर लंचनंतरच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखा. कळतं सगळं, पण करतो उशिरा.

काकांची एंट्री

हॉबी शॉपमधल्या मुलाने एका काकांचा नंबर दिला. काका चिंचवडला राहतात. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर. बाल्कनीत वर्कबेंच, भिंतीवर मापाप्रमाणे लावलेले स्क्रूड्रायव्हर.

‘‘गच्चीवर उडवलंस?’’ हा पहिला प्रश्न.

‘‘हो काका.’’

‘‘परत उडवलंस तर माझ्याकडे यायचं नाही. बस.’’

काकांनी आधी मोठी पाती काढून बाजूला ठेवली आणि मोटरच्या वायरी सुट्या केल्या. टेबलावर तपासताना मोटर चुकूनसुद्धा फिरता कामा नये. मग बॅटरी लावली आणि मला रिमोटची काडी उजवीकडे करायला सांगितली. शेपटीवरचा सरकता दांडा एका बाजूला गेला. ‘‘बघितलंस कुठे गेला? आता काडी सोड आणि हेली उचलून नाक डावीकडे वळव.’’ वळवलं. दांडा उजव्या काडीच्या वेळी गेला होता त्याच बाजूला जायला हवा होता, कारण नाक डावीकडे गेलं तर गायरोने ते उजवीकडे आणलं पाहिजे. आमचा दांडा गेला बरोब्बर उलट. म्हणजे गायरो वळण थांबवण्याऐवजी त्याला धक्का देत होता! मी उगाच हलवलेल्या बारीक बटणांपैकी एक होतं दिशेचं. गच्चीवरच्या भिंगरीचं रहस्य तीस सेकंदांत सुटलं. माझा पुरता पोपट.

पुढचे रविवार शहराबाहेर, नगर रोडला शिक्रापूरच्या पलीकडे, काकांच्या ओळखीच्यांच्या माळावर. ड्रोनच्या सरकारी नकाशात ती जागा हिरवी असल्याची खात्री काकांनी आधीच केलेली. करार असा : उडवणार काका, बघणार मी. घरी मी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर घेऊन बसायचं.

दुसऱ्या रविवारी हेली छान उचललं गेलं, पण शेपूट टुकटुकटुक हलत राहिली. मी घरून वाचून आलेली! ‘‘गेन कमी करा काका.’’ ७०चा ५५ केला, वळवळ कमी. ४५ केला, जवळपास बंद. मी खूश. शेपूट हळूहळू एका बाजूला सरकत होती म्हणून रिमोटवरची ट्रिमही दोन टिचक्या हलवली. शिवाय काकांची पाठ वळल्यावर सर्वोच्या हातावरची दांडी एक भोक आत घेतली. मग काकांनी हेली जरा जोरात वर नेलं आणि शेपूट खाडकन पाऊण फेरी फिरली. काकांनी कसंबसं खाली उतरवलं.

‘‘किती गोष्टी बदलल्यास?’’

‘‘तीन.’’

‘‘मग यातल्या कशामुळे झालं?’’

मी गप्प.

काकांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. ‘‘यापुढे एका वेळी एकच स्क्रू. काय बदललं, आधी काय होत होतं, नंतर काय झालं, सगळं लिहायचं. आणि गेनला शेवटी हात लावायचा. ताप आला की थर्मामीटर फोडून चालत नाही.’’

एका वेळी एकच स्क्रू

तिसऱ्या रविवारी सगळी सेटिंग्ज जिथल्या तिथे. आमच्या गायरोच्या ‘हेडिंग होल्ड’ मोडमध्ये तो दिशा लक्षात ठेवतो आणि ट्रिमला ‘वळत राहा’ असा हुकूम समजतो, हेही तेव्हा कळलं. म्हणजे सरकणं थांबवायला मी लावलेली ट्रिम स्वतःच शेपूट सरकवत होती. ट्रिम शून्यावर. साध्या ‘रेट’ मोडमध्ये दांडीची लांबी थोडी-थोडी फिरवून शेपूट जवळपास स्थिर केली आणि मग पुन्हा हेडिंग होल्ड. सरकणं बंद. वहीत पहिली बरोबरची खूण.

टुकटुक मात्र चालूच. चौथ्या रविवारी काकांनी दांडी सर्वोपासून सोडवली आणि मला म्हणाले, ‘‘दोन बोटांनी सरकव. डोळे मिट.’’ सरकवली. जाताना लोण्यासारखी, मग एका जागी किंचित अडखळली. परत सरकवली, परत तिथेच. दांडी ज्या छोट्या कड्यांमधून जाते, त्यातलं एक कडं बूमवर जरासं फिरलेलं होतं आणि दांडीला डोळ्यांना न दिसणारा बाक होता. गायरो हलकेच हुकूम देतो, दांडी अडते, गायरो जोर वाढवतो, दांडी एकदम सुटते आणि हवं त्याहून पुढे जाते. मग उलटा प्रवास. हीच ती वळवळ! गेन कमी करून मी गायरोला फक्त मवाळ केलं होतं. दांडी अडकलेलीच होती. नवी दांडी टाकली, कडी सरळ केली आणि ७०च्या गेनवर शेपूट शांत.

पाचव्या रविवारी काकांनी नजर शेपटीवरच्या उभ्या पट्टीवर लावली. ‘‘कडा बघ. धूसर दिसतेय.’’ खरंच, पट्टीची कड थरथरत होती. घरी मागचा बारीक शाफ्ट काढून काचेच्या टेबलावर घरंगळवला, तर एका बाजूला खालून उजेडाची रेघ दिसायची आणि जायची. वाकलेला. मिनिटाला १० हजार फेऱ्यांना तेवढा बाक म्हणजे गायरोच्या कानाशी सतत ढोल. शाफ्ट बदलला, गायरोखालची जुनी वाळलेली दुहेरी टेपही बदलली. (दोन वेगवेगळ्या दिवशी. वही साक्षीला आहे.)

झिजलेले दात

उरला एकच प्रॉब्लेम. जोरात वर गेलं की शेपूट खाडकन फिरायची. रोज नाही, पाच वेळांतून एकदा. सगळ्यात डेंजर तोच, कारण चार वेळा काहीच होत नाही आणि माणूस गाफील राहतो.

सहाव्या रविवारी काकांनी बूमच्या मागच्या टोकाने आतला बेल्ट दाबून बघितला. शेपटीची पाती या दातेरी पट्ट्यावर फिरतात. तो इतका सैल की समोरच्या बाजूला जाऊन टेकला. मग पूर्ण बाहेर काढला. एका टप्प्यावर सहा-सात दात गुळगुळीत होते, अंगठी झिजावी तसे. वर जाताना मोठ्या पात्यांना जोर लागतो, तेव्हाच शेपटीलाही जास्त जोर हवा असतो आणि नेमका तेव्हाच बेल्ट चाकावरून घसरायचा.

‘‘क्रॅशमध्ये गेले असतील,’’ मी म्हटलं.

‘‘धडकेत दात तुटतात, फाटतात. हे झिजलेत. सैल बेल्ट बरेच महिने चाललाय.’’

मी तिथूनच फोटो काढला आणि सरप्राइज गेलं खड्ड्यात म्हणत दादाला पाठवला. खाली लिहिलं, ‘ओळख काय आहे?’ दोन मिनिटांत त्याचा व्हिडिओ कॉल. जर्मनीत नुकतं उजाडलं होतं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग पहिल्यांदाच २०१२ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी शेपूट वळवळत होती म्हणून त्यानेही गेन कमी केला होता. बरं वाटलं म्हणून उंच नेलं. शेपूट फिरली, हेली हातातून गेलं आणि बघायला आलेल्या एका शाळकरी मुलाच्या पायाशी येऊन आपटलं. त्या पोराला खरचटलंही नाही. पण त्याच्या आईचा चेहरा दादा विसरला नव्हता.

‘‘मला आजपर्यंत वाटत होतं, माझाच हात कच्चा,’’ तो म्हणाला.

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. ‘‘हात नव्हता चुकला रे बाळा. पट्टा घसरला. पण पट्टा तपासला नव्हतास आणि माणसं जवळ उभी होती, ते मात्र तुझंच.’’

दादा हसला. डोळे पुसत हसला, हे मी त्याला सांगितलं नाही.

सातवा रविवार

२८ डिसेंबर. नवा बेल्ट, योग्य ताण, वहीतली अठरा पानं भरलेली. दादा, आई, बाबा, काका आणि मी. काकांनी सगळ्यांना तीस पावलं मागे उभं केलं आणि पावलं स्वतः मोजली. दादाने नाक डावीकडे वळवून दांडा बघितला, बेल्ट दाबला, दांडी सरकवून बघितली. रिमोट घेतला तेव्हा त्याचे अंगठे थरथरत होते. हेली उचललं गेलं, डोळ्यांच्या उंचीवर थांबलं. शेपूट दगडासारखी स्थिर. मग त्याने जोरात वर नेलं. मी श्वास धरला. शेपूट सरळ.

चार मिनिटांनी उतरवलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. ‘‘आता तू.’’ मी गुडघ्याच्या उंचीवर अकरा सेकंद हॉवर केलं. बाबांनी घड्याळ लावलं होतं. तेच ते, बाइकऐवजी हेली आणलं म्हणून अबोला धरणारे!

तेव्हापासून एक सवय लागलीय. लॅपटॉप हँग झाला, क्लायंट चिडला, पेमेंट अडकलं, की पहिला मोह होतो तो कुठलं तरी बटण फिरवून आवाज बंद करण्याचा. मग वही काढते. आधी दांडी कुठे अडतेय ते बघते. दादा जाताना हेली इथेच ठेवून गेलाय. आणि हो, खोकं आता माळ्यावर नाही. माझ्या टेबलाखाली आहे.

चौकट : शेपूट नाटकं करतेय? या क्रमाने बघा

• मोठी पाती काढा, मोटरच्या वायरी सोडवा. मगच टेबलावर तपासणी.

• उचलताच भिंगरी : गायरोची दिशा उलटी. काडी उजवीकडे केल्यावर दांडा जिकडे जातो, तिकडेच तो नाक हाताने डावीकडे वळवल्यावर गेला पाहिजे.

• हळूहळू एका बाजूला सरकणं : रिमोटची ट्रिम शून्यावर आहे का? बॅटरी जोडल्यावर गायरो सुरू होईपर्यंत हेली अजिबात हलवलं नव्हतं ना?

• भराभर वळवळ : दांडी अडकते का, सांध्यांत खेळ आहे का, सर्वोचे स्क्रू सैल आहेत का, दांडी सर्वोच्या हातावर फार बाहेरच्या भोकात आहे का, ते बघा. सगळं ठीक असेल तरच गेन कमी करा.

• थरथर, धूसर पट्टी : वाकलेला शाफ्ट, खराब बेअरिंग, असमतोल पाती, गायरोची जुनी टेप.

• वर जाताना झटका : सैल किंवा झिजलेला बेल्ट, पात्यांचे कमी पडणारे फेरे, थकलेली बॅटरी.

• सर्वो बदलताना तो गायरोच्या सेटिंगशी जुळतो का ते आधी वाचा. साधा अॅनालॉग सर्वो डिजिटलच्या सेटिंगवर लावला तर जळतो.

चौकट : उडवण्याआधी

आपलं मॉडेल हेलीही ‘ड्रोन नियम २०२१’च्या कक्षेत येतं. जागा सरकारी एअरस्पेस नकाशावर तपासा. हिरव्या झोनमध्ये मर्यादा ४०० फुटांची. नोंदणीचे नियमही आधी वाचून घ्या. दोन किलोपर्यंतचं मॉडेल हौसेसाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, अक्कल मात्र लागते. गच्ची, पार्किंग आणि सोसायटीचं ग्राउंड बाद. स्वानुभव!